दोन्ही दुर्बिणी नॉर्मल, मग रक्त येतं कुठून?

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा. दोनदा शौचातून विटकरी-काळपट रक्त गेलं, पोट मात्र दुखलं नाही. हिमोग्लोबिन ६.८ झालं, रक्त चढवलं. तोंडातून आणि गुदद्वारातून केलेल्या दोन्ही एंडोस्कोपी नॉर्मल आहेत. डॉक्टरांना 'मेकेल्स'चा संशय आहे. पुन्हा दुर्बीण कशाला?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पहिली दुर्बीण जठरापुढे थोडीच जाते आणि दुसरी लहान आतड्याच्या शेवटच्या काही सेंटीमीटरपर्यंत. मधलं काही मीटर आतडं अजून कुणी पाहिलेलंच नाही.

मेकेल्स डायव्हर्टिक्युलम म्हणजे गर्भातली एक नळी पूर्ण न विरल्याने लहान आतड्यावर राहिलेली पिशवी. शंभरात साधारण दोघांना असते, बहुतेकांना कळतही नाही. काहींच्या पिशवीत जठराचं अस्तर असतं. त्यातून आम्ल पाझरतं, शेजारच्या आतड्याला व्रण पडतो आणि तिथून रक्त जातं.

आधी टेक्नेशियम स्कॅन करून घ्या, म्हणजे शिरेतून किंचित किरणोत्सारी द्रव्य देऊन जठराचं अस्तर कुठे आहे ते शोधणारी तपासणी. त्याआधी फॅमोटिडिनसारखं औषध देतात, म्हणजे द्रव्य त्या अस्तरात टिकून राहतं. बेरियमचा एक्स-रे मात्र त्याआधी नको. स्कॅन पॉझिटिव्ह आला तर आमच्या मते पुढच्या दुर्बिणीत वेळ घालवू नये, सरळ लॅपरोस्कोपीने पिशवी काढावी. निगेटिव्ह आला तरी मेकेल्स नाहीच असं धरू नका.

तेव्हा उपयोगी पडते ती बलून एंटरोस्कोपी, म्हणजे फुगा लावलेली लहान आतड्याची लांब दुर्बीण, मेकेल्ससाठी बहुधा खालून. फुगा फुगवून आतडं धरायचं, मागे ओढायचं, की नाडीवर नेफा गोळा व्हावा तसं आतडं नळीवर चुणत जातं. पिशवी असेल तिथे दोन तोंडं दिसतात, व्रणही दिसू शकतो. कधी पिशवी उलटी होऊन आत लोंबते आणि हुबेहूब पॉलिपसारखी (आतड्यातल्या मांसल कोंबासारखी) दिसते. ती पॉलिप समजून फास टाकून कापली, तर आतड्याला भोक पडू शकतं. रक्त जाण्याचं दुसरं कारण, जन्मजात दुहेरी आतड्याची गाठ, बंद असली तर दुर्बिणीला चुकते. तिथे सोनोग्राफी किंवा सीटी लागतं. गिळायच्या कॅमेऱ्याची कॅप्सूल हाही एक पर्याय; ती सुमारे २६ मिलिमीटर लांब असते, आतडं कुठे अरुंद असेल तर अडकते. ती बाहेर पडेपर्यंत एमआरआय करू नका.

लोहाचं औषध किती दिवस आधी थांबवायचं ते विचारा, त्याने आतडं काळं दिसतं. शेंगाचटणी, बियांची फळं आदल्या काही दिवसांत बंद. कण दुर्बिणीच्या नळीत अडकतात. पोट साफ करायच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो, मोठ्यांचा देऊ नका. तपासणी पुण्यात असेल तर आदल्या दिवशीच तिथे मुक्कामाला जा, ते औषध देऊन रेल्वेचा प्रवास नको. पुन्हा रक्त गेलं, मूल पांढरं पडलं किंवा चक्कर आली, तर तारखेची वाट न पाहता जवळचं मोठं रुग्णालय गाठा.