एवढंसं गाव, मोजायला किती वेळ लागतो?

प्रश्न : नमस्कार, मला नकाशावर छोटी छोटी गावं शोधत बसायची सवय आहे. उत्तर इराकमधली कुर्दी गावं बघताना लक्षात आलं की कित्येक गावांपुढे लोकसंख्याच नसते, किंवा एखादा जुना आकडा असतो आणि पुढे काहीच नाही. शे-दीडशे घरांचं गाव मोजायला असा कितीसा वेळ लागतो? – एक वाचक, सांगली

उत्तर : वेळ काहीच लागत नाही हो, एका दिवसाचं काम आहे. पण मोजणारा कोण आणि कशासाठी मोजतोय यावर सगळं असतं, आणि तिथे नेमकी तीच गडबड झाली.

कोरेमे नावाचं गाव आहे, दुहोक प्रांतात, मांगेशजवळ. 1988 च्या आधी तिथे साधारण दीडशे घरं, द्राक्षाचे मळे, फळबागा, एक मशीद, एक शाळा. आता हे लक्षात घ्या की इराक सरकारने 17 ऑक्टोबर 1987 ला जी खानेसुमारी केली ती नुसती डोकी मोजायला नव्हती. डोंगरातला बराचसा कुर्दी मुलूख त्याआधीच 'निषिद्ध भाग' म्हणून जाहीर केला होता, तिथल्या माणसाला नोंद करायची तर घरदार सोडून सरकारच्या ताब्यातल्या भागात यायचं, नाही आलात तर नागरिकत्व गेलं आणि तुम्ही फितूर ठरलात. म्हणजे ज्याने आपलं घर सोडलं नाही तो कागदावरून गेला, आणि पुढच्याच वर्षी अन्फाल मोहिमेत, म्हणजे सद्दाम हुसेनच्या सरकारने कुर्दांवर चालवलेल्या लष्करी मोहिमेत, लष्कर त्याच्या दारात आलं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

ऑगस्ट 1988 मध्ये आजूबाजूला रासायनिक हल्ले सुरू झाल्यावर कोरेमेचे लोक तुर्कस्तानच्या सीमेकडे निघाले, पण वाट बंद झालेली, म्हणून मागे फिरले, आणि 28 ऑगस्टला गावाजवळ सैनिकांच्या हाती सापडले. सैनिकांनी 33 पुरुष आणि पोरं बाजूला काढून एका ओळीत बसवली आणि गोळ्या घातल्या. 27 मेले, सहा जण त्या ओळीतूनही जिवंत राहिले. गावातल्या बाकीच्या बऱ्याच पुरुषांना दुहोकच्या किल्ल्यात नेलं, ते परत आलेच नाहीत. बायका, मुलं, म्हातारी माणसं एरबिलजवळ बहरका इथे उघड्या माळावर आणून सोडली. आणि गाव? घरं, मशीद, शाळा सगळं जमीनदोस्त केलं, बागासुद्धा ठेवल्या नाहीत.

हे इतकं बारीक कळलं कारण 1992 मध्ये क्लाइड स्नो या न्यायवैद्यक तज्ज्ञाच्या टीमने तिथे उत्खनन केलं. हाडं काढली, गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या कुठे कुठे पडल्यात त्याचा नकाशा केला, आणि वाचलेल्यांनी सांगितलेलं जमिनीत सापडलेल्याशी ताडून बघितलं, ते जुळलं. मला राहून राहून वाटतं, त्या गावाची माणसं खऱ्या अर्थाने कोणी एकेक करून मोजली असतील तर ती याच लोकांनी, आणि तीही मेल्यावर.

अशी उद्ध्वस्त झालेली गावं एक-दोन नाहीत, हजारोंनी आहेत. 1997 च्या इराकी जनगणनेत कुर्दिस्तानचे तीन प्रांत धरलेच नव्हते. सगळ्या देशाची एकत्र मोजणी व्हायला थेट 20-21 नोव्हेंबर 2024 उजाडावं लागलं, म्हणजे 1987 नंतर 37 वर्षं, आणि तेव्हाही कोण कुर्द कोण अरब हा प्रश्न फॉर्ममध्ये ठेवला नाही.

म्हणून पुढच्या वेळी तिथलं एखादं गाव बघाल तेव्हा आकड्याच्या आधी त्याच्या शेजारचं साल बघा. 1987 चा आकडा असेल तर डोंगरात मागे राहिलेली माणसं त्यात नाहीत. त्याहून जुना असेल तर ते 1988 च्या आधीचं गाव आहे, घरं बागांसकट, ओळीत बसवलेल्या त्या 33 जणांसकट.