अपिलाचं नंतर बघू, आधी कोल्हापूर गाठा

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ग्रे (मागावरच्या, प्रक्रिया न केलेल्या) कापडाची तीन बिलं, साडेआठ लाखांची उधारी, फोनवर व्यापाऱ्याचं ‘देतो शेठ, देतो’, मग वाणिज्य न्यायालयात वसुलीचा दावा, आणि गेल्या महिन्यात वादपत्र, म्हणजे दाव्याचा मूळ कागदच, फेटाळलं. आता विचारताय, अपील करू का? इचलकरंजी, भिवंडी, मालेगावहून अशी पत्रं मला इतक्यांदा येतात की माल किती, ताग्यात खोट होती की नव्हती, यावर मी वेळ घालवणार नाही. तुमच्या प्रकरणाचा निकाल एका तारखेवर आहे, आणि ती तारीख तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिली आहे.

पहिल्या बिलावर साठ दिवसांची उधारी होती. ती संपली त्या दिवसापासून दावा लावायची तीन वर्षांची मुदत मोजली, तर आजपासून 16 दिवस उरतात. बाकीच्या दोन बिलांना थोडे महिने आहेत. पहिलंच बिल मोठं, 3 लाख 60 हजारांचं. ते हातचं जाईल.

वादपत्र का फेटाळलं, ते समजून घ्या. वाणिज्य न्यायालय कायद्याचं कलम 12-अ म्हणतं, की 3 लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा व्यापारी वाद तातडीचा अंतरिम आदेश मागत नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थी झालीच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं ‘पाटील ऑटोमेशन’ प्रकरणात हे बंधनकारक ठरवलं आणि 20 ऑगस्ट 2022 पासून लागू केलं. तुमचा दावा त्यानंतरचा. ही पायरी चुकवायला तुमच्या वकिलांनी, व्यापाऱ्यानं गोदाम विकू नये अशी मनाई हुकमाची मागणी शेवटी चिकटवली. दोन वर्षं गप्प बसलेल्या माणसाची तातडी कोर्टाला पटली नाही, यात नवल नाही. 2023 च्या ‘यामिनी मनोहर’ निकालानंतर अशी चिकटवाचिकटवी चालत नाही.

अपिलाची वाट आहे, पण त्यात मला फारसा दम दिसत नाही, आणि ते सुनावणीला येईपर्यंत हे 16 दिवस कधीच सरलेले असतील. वादपत्र फेटाळलं गेलं तरी त्याच कारणावर नवा दावा लावता येतो, अट एवढीच की मुदत जिवंत हवी. पहिल्या दाव्यात गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम 14 खाली वजा मिळेल का? मागणी करून बघू, पण त्यावर विसंबू नका. तिथं पुरेशी दक्षता दाखवावी लागते, आणि स्पष्ट निकाल समोर असताना मध्यस्थी टाळली, हे दक्षतेत बसवणं अवघड आहे.

तेव्हा येत्या सोमवारी कोल्हापूरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मध्यस्थीचा अर्ज द्या. तिन्ही बिलं एकाच अर्जात. अर्जाची फी 1000 रुपये. पोचेवर शिक्का आणि तारीख घ्या, ‘नंतर घेतो’ म्हणून घरी येऊ नका. मध्यस्थी तीन महिन्यांत संपवायची असते, दोघांच्या संमतीनं आणखी दोन महिने मिळतात. समोरचा आलाच, तर तुमच्या रकमेला मध्यस्थीची फी 15 हजार, निम्मी त्याची. मध्यस्थीत गुंतलेला काळ मुदतीत धरत नाहीत.

पण ‘गुंतलेला’ या शब्दावर समोरचा वकील नक्की बोट ठेवेल. व्यापारी नोटिशीला आलाच नाही तर प्राधिकरण तसा अहवाल देतं. मग तो म्हणेल, आम्ही गुंतलोच नव्हतो. म्हणून सोळावा दिवस उजाडू देऊ नका. दावा आत्ताच लिहून तयार ठेवा आणि अहवाल हातात पडेल त्याच आठवड्यात दाखल करा. घड्याळ थांबतं तेव्हा जेवढे दिवस शिल्लक असतील तेवढेच नंतर मिळतात, नवी तीन वर्षं नाहीत.

समोरचा बसायला तयार झाला तर तडजोडीत हप्त्यांच्या तारखा लिहून घ्या, आणि एक हप्ता चुकला की सगळी बाकी व्याजासह एकदम देणं लागेल, हे कलम घाला. मध्यस्थीतली तडजोड लवादाच्या निवाड्यासारखी असते. तिच्यावर थेट अंमलबजावणी मागता येते, पुन्हा दावा नको.

तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) माल देण्याआधीची असेल, तर थकलेल्या बिलांसाठी सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेचा वेगळा रस्ता आहे. प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय त्यावर बोलत नाही.

राहिला तो ‘दिवाळीनंतर नक्की’ असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. लेखी कबुली मुदतीच्या आत असेल तर तिथून नवी मुदत धरता येते. मात्र त्यात कुठली रक्कम, कुठलं बिल, काहीच नाही म्हणता, तर तो मेसेज कबुली ठरेलच असं मी छातीठोक सांगणार नाही. फोनवरची हमी तर कागदावर शून्य. तरी मोबाइल बदलू नका, फॉरमॅट करू नका. मुलानं काढून ठेवलेला स्क्रीनशॉट पुरणार नाही, त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागेल.