सबसिडी गिऱ्हाइकाची, क्रेडिट तुझं

कोल्हापूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज पोचला. आयटीआय झालं, दुसऱ्याच्या हाताखाली सोलार पॅनेल चढवून झाली, आता स्वतःचा जीएसटी नंबर काढून कामं घ्यायची म्हणतोस. घे की! छतावरचं काम तुला येतंय. तू विचारलेले प्रश्न बहुतेक पैशाचे आहेत आणि ते सगळे एकमेकांत गुंतलेत, म्हणून आधी तो गुंता सोडवतो.

या धंद्यात सरकारी सवलती तीन आणि त्यांचे मालकही तीन. सबसिडी घरमालकाची, इनपुट टॅक्स क्रेडिट (माल घेताना भरलेला जीएसटी पुढं भरायच्या जीएसटीतून वजा करणं) तुझं, घसारा (यंत्राची किंमत दरवर्षी थोडी थोडी खर्चात धरून आयकर कमी करणं) कारखानदाराचा. एकाचे पैसे दुसऱ्याच्या हिशोबात धरलेस की कोटेशन बिघडलंच म्हणून समज.

सबसिडीचं आधी बघ. घराच्या छतावरच्या सोलारसाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आहे, तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये. म्हणजे तीन किलोवॅटला ७८,०००, आणि त्यावर पाच लावा की दहा, रक्कम तेवढीच. हे पैसे प्लांट चालू होऊन मीटर बसल्यावर, तपासणीनंतर, थेट गिऱ्हाइकाच्या बँक खात्यात येतात. त्यामुळे कोटेशन पूर्ण किमतीचं दे, बिलही पूर्ण किमतीचं कर, आणि जीएसटीही पूर्ण रकमेवर लाव. ‘सबसिडी वजा करून एवढेच द्या, बाकीचे आले की द्या’ असा व्यवहार करणारे आहेत. त्यात तू बिनव्याजी सावकार होतोस, आणि पैसे खात्यात आले की फोन उचलायचं बंद होतं.

आपल्याकडे सबसिडी अडकायचं खरं कारण घरातच असतं. लाइट बिल अजून आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली, बिल वेळेवर भरलं जातंय, मग नाव कोण बदलतंय? अर्ज बिलावरच्या नावानंच होतो आणि बँक खातंही त्याच नावाचं लागतं. म्हणून छत मोजायला जाशील तेव्हा टेपच्या आधी लाइट बिल माग. नाव बदलायचं असेल तर ते महावितरणकडून होऊ दे, मगच ॲडव्हान्स घे. पॅनेल डीसीआर म्हणजे देशी सेलवालीच लाव, नाहीतर सबसिडी विसर.

राजारामपुरीत, ताराबाई पार्कात एखादे काका भेटतील, पोरगं अमेरिकेत असलेले. ते विचारतील, ‘तिकडं तीस टक्के टॅक्स क्रेडिट मिळतं, इथं का नाही?’ वाद घालू नकोस. घरगुती सोलारचं ते क्रेडिट तिकडं आयकरातून वजा व्हायचं आणि ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चाला ते बंद झालं. इथं घरमालकाला आयकरात काही मिळत नाही, सबसिडी रोख मिळते. एवढं सांगून चहा पी.

आता तुझं क्रेडिट. घराच्या प्लांटचं बिल करताना किमतीचा ७० टक्के भाग माल आणि ३० टक्के भाग सेवा धरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालाचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, सेवेचा १८ च राहिला. समज, कर सोडून किंमत १,८०,००० आहे. १,२६,००० वर ५ टक्के म्हणजे ६,३०० आणि ५४,००० वर १८ टक्के म्हणजे ९,७२०. एकूण १६,०२०, म्हणजे ८.९ टक्के. जुन्या दरानं हेच २४,८४० व्हायचे. जुनं कोटेशन फक्त तारीख बदलून पाठवत असशील तर ते आजच बदल.

या १६,०२० मधून, माल घेताना तू भरलेला कर वजा होतो. समज तो ११,००० होता, तर सरकारला ५,०२० भरायचे. पण हे तुझ्या फाइलमधल्या बिलावर ठरत नाही, जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे दुकानदारांनी भरलेल्या रिटर्नवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या तुझ्या क्रेडिटच्या यादीत, काय दिसतं त्यावर ठरतं. दुकानदारानं रिटर्न भरलं नाही तर बिल हातात असूनही क्रेडिट नाही. दर महिन्याच्या १४ तारखेनंतर २बी काढ आणि बिलं एकेक करून जुळव. सीएकडं वर्षाअखेरी पोतं नेऊन ओतायची आपल्याकडची सवय या धंद्यात परवडत नाही. माल घेऊन १८० दिवसांत दुकानदाराचे पैसे दिले नाहीस तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत जातं, हेही लक्षात ठेव.

स्ट्रक्चर (पॅनेलचा लोखंडी सांगाडा), केबल यांवर १८ टक्के कर आहे. कुणी म्हणेल, ‘बिल नको असेल तर कमी करतो.’ त्यानं कमी केलेले पैसे आणि तू गमावलेलं क्रेडिट मांडून बघ, आणि गॅल्व्हनायझिंग (जस्ताचा मुलामा) कच्चं निघून सांगाडा गंजला तर उद्या कुणाला जाब विचारणार तेही बघ. कंपोझिशनचं, म्हणजे छोट्या धंद्यानं उलाढालीवर ठोक दरानं जीएसटी भरायच्या सोयीचं, विचारलंस, त्यात तुला क्रेडिट नाही आणि बिलात कर दाखवता येत नाही. कारखानदाराला तर क्रेडिटसाठी बिलात कर हवाच, म्हणजे कारखान्याची कामं गेलीच.

कारखाना म्हटला की तिसरी सवलत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या मालकांना सबसिडी नाही, पण सोलारवर ४० टक्के घसारा मिळतो आणि तुझ्या बिलातल्या जीएसटीचं क्रेडिटही. त्या जीएसटीवर मात्र घसारा नाही, दोन्हीपैकी एकच. प्लांट त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी चालला तर घसारा निम्मा. म्हणून फेब्रुवारीत ‘मार्चच्या आत उभा करा’ म्हणत येणाऱ्याला वीस टक्केच मिळतील हे आधी सांग, आणि पक्कं त्याच्या सीएला सांगू दे. तू टॅक्सचा सल्लागार नाहीस.

छतावरचं नाही म्हटलं तरी थोडं लिहितोच. फौंड्रीजवळ लोखंडाची बारीक धूळ बसते. गळीत हंगामात साखर कारखान्याची आणि गुऱ्हाळाची काजळी पॅनेलवर येते, ती नुसत्या पाण्यानं जात नाही. सकाळी, काच तापायच्या आत, मऊ ब्रशनं धुवायला शिकव. बोअरचं पाणी असेल तर पुसून घ्यायला लाव, नाहीतर पांढरे डाग राहतात. चिखली, आंबेवाडी, शिरोळकडं काम घेतलंस तर २०१९ आणि २०२१ चं पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचार. इन्व्हर्टर आणि डीबी (स्विचांची पेटी) त्याच्या वर. डीसी, एसी आणि आभाळातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचं अर्थिंग वेगवेगळं, यात खड्डा वाचवायचा नाही.

सूर्यघरमध्ये पाच वर्षं देखभाल तुझ्याकडं असते. गगनबावड्यातल्या कामाला पावसाळ्यात दोन फेऱ्या मारायच्या तर पेट्रोल कुणाचं? ते आज किमतीत धर.

रविवारी ये. येताना तुझं एक कोटेशन, गेल्या महिन्याचं २बी आणि खरेदीची बिलं आण. लॅपटॉप नको, प्रिंटच आण. माझ्या चष्म्याला स्क्रीन चालत नाही.

तुझा,
काका