माळ्यावरचा तंबोरा आणि चिंचेखालचं गाणं

वाचकांचे प्रश्न, मिरजेच्या ताईंची उत्तरं

ताई, नमस्कार. आमच्या घरी माळ्यावर आजीचा तंबोरा आहे. गवसणी उंदरांनी कुरतडली आहे, दोन तारा तुटल्यात, भोपळ्यावर बारीक चीर दिसते. मुलगी आता गाणं शिकायला लागली आहे. तिचे बाबा म्हणतात, मोबाइलवर तानपुरा फुकट वाजतो, जुन्या वाद्यावर कशाला खर्च करायचा? काय करावं? – एक भगिनी, तासगाव

आधी तो तंबोरा खाली उतरवा. पत्र्याखालचा उन्हाळा वाद्याला सोसत नाही. उतरवताना नुसती दांडी धरून उचलू नका, एक हात भोपळ्याखाली असू द्या. राहिलेल्या तारा थोड्या सैल करा आणि कोरड्या सुती फडक्याने पुसून घ्या. तेलपाणी काही लावू नका.

भोपळ्याची चीर सांधता येते, तिला घाबरू नका. बघायची ती तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली लाकडाची फळी. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीच्या खाली ती खचली असेल तर काम वाढतं. दांडीला बाक आला असेल तर आणखी वाढतं. भोपळ्यातून भुगा पडत असेल तर आत कीड आहे, मग कारागीर भोपळाच बदलायला सांगेल. तेही होतं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे आजही मिरजेत येतात आणि नीट वाळल्यावरच कामाला घेतले जातात.

कुणाच्या तरी गाडीत मागच्या सीटवर आडवा ठेवून तो मिरजेला घेऊन या. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या जवळच सतारमेकर गल्ली आहे, कुणालाही विचारा. ही मंडळी मूळची शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारी. हत्यारांचं काम कमी होत गेलं तसे एकोणिसाव्या शतकात त्यांचे हात तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बातम्या आल्या आणि आम्हा गावकऱ्यांना फार आनंद झाला. पण त्या मानांकनाच्या मागे किती बारीक काम आहे ते गल्लीत जाऊन बसल्याशिवाय कळत नाही, म्हणून एक विनंती करते. तंबोरा टाकून परत जाऊ नका. जवारी काढायच्या, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज जमवायच्या दिवशी मुलीला घेऊन पुन्हा या आणि दोघी तिथे बसा.

जवारी काढणं हे सगळं कानाचं काम आहे. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर जरा घासत कंप पावते, म्हणून तंबोऱ्याचा आवाज भरून येतो. कारागीर तार बाजूला करतो, घोडीवर कानस एकदा-दोनदा फिरवतो, तार परत जागेवर घेतो, छेडतो, मान तिरकी करून ऐकतो. पुन्हा तार बाजूला. मध्येच कुणी चहा आणून ठेवतो, तो तसाच गार होतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवतो. तो केसभर पुढे गेला तरी आवाज बंद, केसभर मागे आला तरी बंद. नेमक्या जागी आला की अख्खं दुकान त्या एका तारेने भरतं. मी गाणं शिकवायला लागले तेव्हापासून माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीला हे दाखवायला नेत आले आहे.

आता मोबाइलबद्दल. त्याला मी नावं ठेवणार नाही. वसतिगृहात राहणाऱ्या, एसटीने रोज ये-जा करणाऱ्या मुलींचा रियाज त्याच्यावरच चालतो. पण मोबाइलचा तानपुरा जुळलेलाच येतो आणि तिथे शिकणारीचं नुकसान होतं. पंचम, जोडीच्या दोन तारा, मग खर्ज, अशा चारही तारा स्वतः जुळवताना खुंटी पिळावी लागते, मणी सरकवावा लागतो, थांबून ऐकावं लागतं. खर्जाची पितळी तार नीट लागली की तिच्या पोटातून गंधार, म्हणजे ‘ग’, ऐकू येतो. तो कुणी छेडलेला नसतो, त्याची वेगळी तारही नसते. मुलीला ज्या दिवशी तो गंधार आपला आपण ऐकू येईल, त्या दिवशी तिच्या बाबांना शेजारी बसवा. खर्चाचं बोलणं नंतर करू.

आजीचा तंबोरा बायकांच्या पट्टीचा, म्हणजे पेटीच्या काळी चार-पाचच्या आसपासचा असणार. मुलगी मोठी झाली तरी तिला तोच पुरेल.

नमस्कार ताई. तुम्ही सारखं जुन्या काळचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांचं नाव घेता म्हणून मी त्यांची रेकॉर्ड शोधून ऐकली. खरखर फार, आवाज बारीक, आणि सुरू होतंय तोवर संपलं. मी रॅप ऐकतो, मित्रांबरोबर करतोसुद्धा. हे आवडलंच पाहिजे का? तुम्हाला त्यात नेमकं काय आवडतं? – कॉलेजमधला एक वाचक, विटा

आवडलंच पाहिजे असं मुळीच नाही, बाळा. तू शोधून ऐकलंस आणि जे वाटलं ते लिहिलंस, म्हणून मी सविस्तर उत्तर देते.

लवकर संपलं ते रेकॉर्डमुळे. त्या वेळच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची. बैठकीत तासभर चालणारं गाणं तेवढ्यात बसवायचं म्हणजे काय सोडायचं ते गवयाला ठाऊक हवं. खाँसाहेबांना ते पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या भैरवीतल्या ठुमरीत पहिल्या आलापात सूर लागतो आणि तिथून तो कुठेही हलत नाही, कापत नाही, ओढाताण नाही. आवाज बारीक आहे, खरंय. पण तो जोर लावून मोठा केलेला नाही. माझ्या वडिलांना ती ठुमरी इतकी प्रिय होती की ती लागली की घरात भांड्याचा आवाज झालेला त्यांना चालत नसे. मी शाळकरी वयात केवळ त्या शिस्तीपायी गप्प बसून ऐकलं. गोडी पुढे लागली, आणि ती घरात लागली नाही, दर्ग्यात लागली.

खाँसाहेब जन्माने उत्तरेतल्या कैरान्याचे. त्यावरून त्यांच्या गायकीचं नाव किराणा घराणं. पण त्यांनी घर केलं ते मिरजेत. म्हैसूरच्या दरबारात त्यांचा मान होता, दक्षिणेच्या कर्नाटक संगीताचा त्यांनी जाणीवपूर्वक अभ्यास केला आणि तिथली सरगम आपल्या गाण्यात आणली. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या एका लहान स्टेशनवर ते उतरले आणि तिथेच गेले. त्यांना मिरजेत आणलं. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. तेव्हापासून उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली.

तिथे तिकीट नाही. जमिनीवर बसायचं. भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल यांच्यासारखे मोठे कलाकार तिथे गाऊन गेले. गाणारा हजेरी लावायला येतो आणि ऐकणाराही तसाच येतो. माझ्या एका बाजूला फळांच्या गाडीवरचे काका, दुसऱ्या बाजूला हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून आलेली परिचारिका, मागे कर्नाटकातून रेल्वेने आलेली मंडळी, असं तिथे नेहमीचं आहे. मिरज जंक्शन आहे. पुणं, कोल्हापूर, बेळगाव या तिन्ही वाटा इथे मिळतात. त्यामुळे गवई पूर्वीपासून इथे उतरत आले आणि श्रोतेही. याच उरुसात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. ही आमची जुनी रीत आहे आणि मला तिचा अभिमान आहे. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव होतो तेव्हा दर्ग्यातले हेच चेहरे तिथेही दिसतात.

मला नेमकं काय आवडतं हे विचारलंस ना, तर हे. एखादी जागा अशी येते की फळवाले काका आणि मी एकाच क्षणी ‘वाह’ म्हणतो. त्यांनी गाणं शिकलेलं नाही, मी शिकवते, पण जागा दोघांनाही तिथेच कळते. कान असा वस्तीत तयार होतो, शेजारच्याच्या मानेकडे बघत. एकट्याने हेडफोन लावून ऐकताना शेजारची मान नसते. तूही रॅप मित्रांच्या घोळक्यातच करतोस, म्हणजे तुला हे आतून ठाऊक आहे.

या वर्षी उरुसाला ये. सभा रात्री उशिरापर्यंत चालते, परतीच्या एसटीचं आधी बघून ठेव. आल्यावर अर्ध्या तासात निघावंसं वाटलं तर खुशाल नीघ. तुमचं रॅप मात्र मला ऐकायचं आहे. शब्द लिहून पाठव, म्हणजे माझ्या वयाच्या कानाला पकडता येतील.

मुलाची गाण्याची प्रवेशिका परीक्षा झाली आहे. पुढच्या परीक्षा द्यायलाच हव्यात का? – एक पालक, सांगली

त्याला शिकण्याची हौस असेल तर जरूर द्याव्यात. ठरावीक राग, ठरावीक ताल वेळेत बसतात आणि लेखी भागामुळे शास्त्रही वाचलं जातं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या या परीक्षांमागे विष्णु दिगंबर पलुसकर आहेत. ते शिकले मिरजेतच, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, आणि १९०१ साली लाहोरला त्यांनी विद्यालय काढलं. एकच सांगते. परीक्षेच्या आधीचे महिने सोडले तर वर्षभर त्याला परीक्षेबाहेरचंही काही गाऊ द्या. नुसता पेपरापुरता राग शिकलेली मुलं विशारद होऊनही बैठकीत दहा मिनिटं गाऊ शकत नाहीत, हे मी फार पाहिलं आहे.

आमच्या विश्रामबागच्या अपार्टमेंटमध्ये महिन्यातून एकदा गाण्याची बैठक करावी असं आम्हा चौघी-पाच जणींच्या मनात आहे. लोक येतील का? माइक लागेल का? – एक वाचक, सांगली

माइक नको. तीस-चाळीस माणसांच्या खोलीत गाणारीचा आवाज पोचतो आणि माइक नसला की लोक आपोआप जवळ बसतात. वार ठरवा आणि तो कधीही बदलू नका, पाऊस असो की क्रिकेटची मॅच. सुरुवातीला मोठं नाव बोलवू नका. गावातल्याच शिकणाऱ्या मुली, भजनी मंडळातल्या एखाद्या आजी, शाळेतले पेटीवाले सर यांना बसवा. इमारतीतल्या वयस्कर माणसांना आदल्या दिवशी दारात जाऊन सांगा, व्हॉट्सॲपवर नाही. चहा शेवटी ठेवा. मध्ये कपबशा वाजल्या की गाणारीची लय जाते.

पहिल्या तीन-चार खेपांना आठ-दहा जणच येतील. तेवढ्यांसाठीही गाणारीने तंबोरा पूर्ण जुळवूनच सुरुवात करावी. ऐकणाऱ्यांनाही ते जुळवणं समोर बसून ऐकू द्या.

तंबोरा नसेल तर कळवा. माझ्याकडचा काळी चारचा एक तंबोरा असाच घरोघरी फिरत असतो. सांगलीत येणं-जाणं असणारी माझी एखादी विद्यार्थिनी तो तुमच्याकडे पोचवेल आणि दुसऱ्या दिवशी घेऊन जाईल.