मेलबर्नच्या मोनॅश फ्रीवेवर चढण्याआधीच रॅम्पवर लाल सिग्नल कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेरिकला, म्हणजे शहराच्या आग्नेय टोकाच्या उपनगरात, नुकतंच घर घेतलंय, ऑफिस सिटीत आहे, रोज सकाळी रॅम्पवर चार-पाच मिनिटं लाल दिव्यासमोर ताटकळावं लागतं. मग याला फ्रीवे, म्हणजे बिनसिग्नलचा महामार्ग, म्हणायचं कशाला? आणि हे सिग्नल चुकवून जायला आतला रस्ता आहे का?

आतल्या रस्त्याचं आधी सांगून टाकतो, कारण ते सोपं आहे. नाही. प्रिन्सेस हायवे आहे, पण त्याला चौकाचौकात सिग्नल. मी एकदा हट्टाने महिनाभर त्या रस्त्याने गेलो. रॅम्पवरची पाच मिनिटं वाचली, वाटेत वीस गेली. बायको म्हणाली, तुला थांबायचा राग नाही, रांगेत थांबायचा राग आहे. बरोबरच होतं तिचं.

आता सिग्नलचं. हा रस्ता पूर्वी खरोखरच सिग्नलचा होता, हे इथल्या नव्या लोकांना ठाऊक नसतं. १९८८ मध्ये शहराकडचा तुकडा आणि मलग्रेव्ह उपनगराकडचा तुकडा जोडले, पण बर्क रोडसारख्या आडव्या रस्त्यांवर पूल न बांधता साधे चौकच ठेवले. लोकांनी त्याचं बारसं केलं 'साउथ ईस्टर्न कार पार्क'. ते चौक नव्वदच्या दशकात गेले, नाव मात्र जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे. रॅम्पवरच्या दिव्यांचं काम अगदी वेगळं. चौकातला सिग्नल वाहता रस्ता अडवतो. हा रस्ता वाहता राहावा म्हणून बाहेरच्याला क्षणभर धरून ठेवतो.

माझी आजी पेरणीला चाड्यावर, म्हणजे पाभरीच्या (पेरणीच्या औजाराच्या) बी टाकायच्या वाटीवर, मूठ धरायची. ओटीत बी भरपूर असायचं, पण ती दाणे बोटांतून एकसारखे सोडत राही. घाईने ओंजळभर बी ओतलं की नळ्या तुंबल्या, आणि मग पाभर थांबवून काड्या घालत बसा. रॅम्पचा सिग्नल म्हणजे ती मूठ. फ्रीवेची एक लेन तासाला साधारण दोन हजार गाड्या नेते. सिटीकडे जाणारी लेन सकाळी आधीच त्या काठावर असते. अशात खालच्या चौकातला सिग्नल सुटला आणि पंधरा-वीस गाड्या घोळक्याने वर घुसल्या, की एक ब्रेक दाबतो, मागचा जरा जास्त दाबतो, त्याच्या मागचा थांबतोच. आणि एकदा का प्रवाह असा मोडला, की तीच लेन आधीपेक्षा पाच ते पंधरा टक्के कमी गाड्या नेते. ऐन गरजेच्या वेळी रस्ता आखडतो, आणि पुन्हा मोकळा व्हायला तास-तास घेतो. हिरवा दिवा जेमतेम एका गाडीपुरता लागतो तो यासाठीच: घोळका फोडायचा, एकेक दाणा सोडायचा.

किती वेळाने सोडायचं हे ठरवणारी प्रणाली ग्रीसमधून आली आहे. क्रीटच्या तांत्रिक विद्यापीठातल्या मार्कोस पापायॉर्जिऊ यांच्या गटाची ही पद्धत. २००८ मध्ये मोनॅशच्या सहा रॅम्पवर तिची चाचणी झाली, मग ती साठेक रॅम्पवर गेली. रस्त्यात बसवलेले सेन्सर पुढची गर्दी मोजतात आणि त्याप्रमाणे लाल दिवा लांबतो किंवा आखूड होतो. मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच. एका रॅम्पची रांग फार वाढली, की प्रणाली त्याच्या मागच्या रॅम्पना म्हणते, तुम्हीही थोडं धरा. म्हणजे कधीकधी तुमच्या बेरिकच्या क्लाइड रोड रॅम्पवर पुढे सगळं मोकळं दिसत असताना थांबवतात, ते दहा-पंधरा किलोमीटर पुढच्या कोणासाठी तरी. पण हिशेब तुमच्या बाजूचाच आहे. तुम्ही एकदा थांबता. पुढे ब्लॅकबर्न रोड, वॉरिगल रोड अशा प्रत्येक रॅम्पवर कोणीतरी तुमच्यासाठी थांबलेलं असतं. तक्रार करायचा हक्क खरं तर त्यांना जास्त आहे, कारण त्यांचं घर सिटीजवळ आणि ताटकळणं तेवढंच.

हे सगळं कागदावरचं वाटत असेल तर अमेरिकेतल्या मिनियापोलिस-सेंट पॉलचं बघा. तिथले लोक याच रांगांना वैतागले, आणि २००० साली विधिमंडळाने सुमारे ४३० रॅम्प-सिग्नल काही आठवडे बंदच करायला लावले. फ्रीवेवरून जाणाऱ्या गाड्या ९ टक्क्यांनी घटल्या, प्रवासाचा वेळ २२ टक्क्यांनी वाढला, अपघात २६ टक्क्यांनी वाढले. सिग्नल परत आले, फक्त थांबण्याचा वेळ कमी करून. म्हणजे वैतागलेलेही अगदीच चुकीचे नव्हते.

याने मोनॅश सुटसुटीत झाला असं मात्र समजू नका. लेन वाढवल्या, त्या भरल्या. बेरिक, क्लाइड नॉर्थकडे घरं होतच आहेत, त्यात तुमचंही एक. मी आता घरून सहा-दहाला निघतो. सहा-चाळीसला निघालो तर ईस्टलिंक हा टोलरस्ता येऊन मिळतो तिथूनच लाल ब्रेकलाइटची माळ सुरू होते. आठवड्यातून दोन दिवस मी ट्रेन धरतो. स्टेशनचं पार्किंग लवकर भरतं, तेवढं सांभाळा.

आणि एक. रस्त्यावरच्या कमानीवर तुमच्या लेनवर लाल फुली दिसली, म्हणजे ती लेन बंद असली, की 'पुढे तर काहीच नाही' म्हणून त्याच लेनमधून जाऊ नका. गेल्या हिवाळ्यात पावसात माझ्यापुढची एक युट (मागे उघडा हौदा असलेली गाडी) तशीच गेली. वळणापलीकडे बंद पडलेली गाडी होती आणि एक बाई तिच्या डिकीतून बाळाची खुर्ची काढत होती. युटवाल्याने कसाबसा डावीकडे घेतला.