पतीची सही: अट कायद्याची की दवाखान्याची?

प्रश्न : मी ३१ वर्षांची असून मला एक मुलगा आहे. गर्भनिरोधक साधन वापरूनही दिवस राहिले. आता अकरावा आठवडा सुरू आहे. पती जहाजावर नोकरीला असून फोनवर आमचे एकमत झाले आहे. मात्र जवळच्या नर्सिंग होममध्ये त्यांच्या सहीशिवाय गर्भपात करण्यास नकार मिळाला. शेजारच्या काकूंच्या मते गर्भपात हा गुन्हाच आहे. खरे काय?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : काकूंची गल्लत समजण्यासारखी आहे. दवाखान्यांत लावलेले फलक गर्भलिंगनिदानाविषयी असतात आणि तो गुन्हा १९९४ च्या वेगळ्या कायद्याखाली येतो. गर्भपाताला १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने परवानगी दिलेली आहे.

पतीच्या सहीची अट या कायद्यात कुठेही नाही. स्त्री सज्ञान आणि मानसिकदृष्ट्या सक्षम असेल, तर केवळ तिची लेखी संमती पुरते. कुटुंबीयांची संमती किंवा जादा कागदपत्रे मागण्यास कायद्याचा आधार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट केले आहे. तरीही पुढे घरच्यांनी वाद घालू नये म्हणून काही दवाखाने ही सही मागतात. त्या भीतीचा भार रुग्ण स्त्रीवर टाकणे आम्हाला गैर वाटते.

एक मर्यादा मात्र जाणून घ्यावी. आपल्याकडे स्त्रीची इच्छा एवढेच कारण कायद्याला पुरत नाही, डॉक्टरांचे मत लागते. २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरेसे असून, गर्भनिरोधक साधन निष्फळ ठरणे हे विवाहित आणि अविवाहित दोघींसाठी ग्राह्य कारण आहे. २० ते २४ आठवड्यांदरम्यान ठरावीक गटांतील स्त्रियांनाच, दोन डॉक्टरांच्या मताने, परवानगी मिळते.

त्यामुळे आपण वादात वेळ न दवडता दुसऱ्या मान्यताप्राप्त केंद्रात जावे. खासगी केंद्राचे मान्यतापत्र दर्शनी भागात लावलेले असते. वाशीचे महापालिका रुग्णालय किंवा कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय येथेही चौकशी करता येईल. औषध दुकानातून परस्पर गोळ्या मात्र घेऊ नयेत. गोळ्यांनी गर्भपाताची नियमांतील मुदत नऊ आठवड्यांची असून आपली ती उलटली आहे. आपले नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ते अनधिकृत व्यक्तीला उघड केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.