नव्या ठाणावरचे पहिले तीन आठवडे

वाचकांचे प्रश्न : अश्वपालन

दत्तजयंतीचा सारंगखेड्याचा बाजार उठला की घोडी ठिकठिकाणी पांगतात आणि ‘घोडं रुळत नाही’ ही तक्रार सुरू होते. या अंकात त्याच धर्तीचे चार प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : सारंगखेड्याहून पाच वर्षांची मारवाडी घोडी आणली. टेम्पोतून नऊ तासांचा प्रवास झाला. आज तिसरा दिवस आहे. पहिल्या दिवशी तिने चंदीला, म्हणजे दाण्याच्या खुराकाला, तोंडच लावले नाही, आता थोडी खाते. पाणी दिवसाला जेमतेम १० लिटर पिते. रात्रभर खिंकाळते आणि येरझाऱ्या घालते. आधीचा मालक हरभरा आणि बाजरी देत होता, एवढेच ठाऊक आहे. आम्ही ओट आणि गव्हाचा कोंडा आणून ठेवला आहे. तिला लवकर रुळवायला काय करावे? – जुन्नर तालुक्यातील वाचक

उत्तर : खिंकाळण्याकडे शेवटी वळू. आधी थर्मामीटर आणा, त्याला दोरी बांधा, टोकाला तेल लावा आणि गुदद्वारात धरून ताप पाहा. मोठ्या घोड्याचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, म्हणजे साधारण ९९.५ ते १०१.३ फॅरनहाइट असते. सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. प्रवासात घोड्याचे तोंड आखूड दोरीने वर बांधलेले असते. मान खाली गेली नाही की श्वासनलिकेतला कफ आणि धूळ बाहेर पडत नाही, ती आत उतरते आणि फुप्फुसाला सूज येते. हा ताप प्रवासानंतर एक ते तीन दिवसांत उमटतो. पारा ३८.५च्या वर गेला, खोकला आला किंवा घोडी मान टाकून उभी राहिली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा आणि प्रवास किती तासांचा झाला ते सांगा. ‘प्रवासाचा शीण आहे, उतरेल’ म्हणत दोन दिवस घालवणे महागात पडते.

दुसरी गोष्ट पाण्याची. चंदी कमी खाल्ली तर चालून जाते, पाणी कमी चालत नाही. ३५० किलोच्या घोडीला काम नसताना, कोरड्या वैरणीवर, थंडीतही १८ ते २० लिटर पाणी लागते. तुमची घोडी त्याच्या निम्मेच पिते आहे. कोरडा कडबा आणि कमी पाणी एकत्र आले की मोठ्या आतड्यात लीद घट्ट होऊन अडकते, आणि नव्या जागी होणाऱ्या पोटशुळाचे हे नेहमीचे कारण आहे. पाणी न पिण्याचे कारण बहुतेकदा चव असते. ती नदीच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर वाढली आणि तुमच्याकडे बोअरचे खारट पाणी असेल, तर ती नाक लावून मागे सरते. बादली फिनेलची किंवा साबणाची असेल तरी तेच. शेजारी शेजारी दोन बादल्या ठेवा. एकीत साधे पाणी, दुसरीत लिंबाएवढा गूळ विरघळवलेले. गुळाचे प्रमाण पाच-सहा दिवसांत कमी करत बंद करा. पहाटे पाणी बर्फासारखे असेल तर कोमट करून द्या. वैरण देण्याआधी पाण्याचा शिडकावा करा. चंदी खायला लागली की त्यात दिवसाला २५ ग्रॅम साधे मीठ घाला, म्हणजे तहान लागते. पाणी कधीही समोरून काढून घेऊ नका.

हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा आणि हिरडी ओलसर लागायला हवी. लिदीचे ढीगही मोजा. दिवसाला आठ-दहा ठीक. चार-पाचच पडले, गोळे लहान, कोरडे आणि चिकट पापुद्र्यात गुंडाळलेले दिसले, तर आतडे सुकते आहे.

आता चंदी. जागा बदलली हा एक बदल झाला. माणूस, पाणी, सोबत बदलली, हे आणखी तीन झाले. त्यात दाणा बदलू नका. घोड्याची वैरण मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंमुळे पचते, आणि जुन्या चाऱ्या-दाण्यावर वाढलेले जिवाणू नव्याला सरावायला दोन आठवडे घेतात. अचानक ओट ओतले तर न पचलेला पिष्टमय भाग तिथे आंबतो, वायू धरतो, आम्ल वाढते. पोटशूळ किंवा खुरांचा दाह त्यातून होतो. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेले ते पुढेच सरकायला हवे.

आधीच्या मालकाला आजच फोन करा. बाजारात भोवऱ्या आणि देवमण अशा शुभ-अशुभ मानल्या जाणाऱ्या खुणा पाहायला आपण तासभर घालवतो, पण चंदी किती, भिजवून की भरडून, दिवसातून किती वेळा, वैरण कोणती, पाणी कुठले, हे विचारायला पाच मिनिटे निघत नाहीत. विकत घेताना जुन्या दाण्याचे एक पोते मागून घेतले असते तर निम्मी अडचण टळली असती.

सध्या मुख्य आहार वैरणच ठेवा. ३५० किलोला दिवसाला सुमारे ७ किलो कोरडी वैरण, चार वेळा विभागून, त्यातला सर्वांत मोठा वाटा रात्री. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरते, पोट पाच-सहा तास रिकामे राहिले की अल्सर व्हायला लागतात. कडब्याची कुट्टी साधारण इंचभर असू द्या. पीठ केल्यासारखी बारीक कुट्टी घोडे न चावता गिळतात आणि ती अडकते. कोवळी हिरवी ज्वारी मात्र देऊ नका, खोडव्याची तर मुळीच नाही. त्यातल्या विषाने घोड्यांचे मागचे पाय लुळे पडतात आणि लघवी तुंबते. वाळलेल्या कडब्यात ही भीती नसते.

चौथ्या दिवसापासून जुनाच दाणा सुरू करा. सहा-आठ तास भिजवलेला हरभरा आणि भरडलेली बाजरी मिळून दिवसाला ५०० ग्रॅम, दोन वेळांत. लीद बांधलेली राहिली तर दर दोन दिवसांनी २५० ग्रॅम वाढवत १.५ किलोपर्यंत न्या. काम नसलेल्या घोडीला याहून जास्त लागत नाही. एका वेळी एक किलोच्या वर चंदी घालू नका. ओटवर न्यायचे असेल तर आठवडाभर थांबा, मग पाव भाग ओट चार दिवस, निम्मे चार दिवस, पाऊण चार दिवस, असे बदला. लीद पातळ झाली की एक पायरी मागे या. कोंड्याचे म्हणाल तर त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम थोडे असते. रोजचा मूळ आहार म्हणून तो चांगला नाही, वर हत्तीगवत असेल तर आणखी वाईट, कारण त्यातले ऑक्झलेट उरलेसुरले कॅल्शियमही बांधून ठेवते.

आणि एक पक्के लक्षात ठेवा. गोठ्यातली गाईम्हशींची गोळी पेंड किंवा कोंबड्यांचे खाद्य मूठभरही देऊ नका. त्यातल्या काहींत मोनेन्सिन असते. गाईला ते सोसते, घोड्याच्या हृदयाचे स्नायू ते मारते, आणि त्यावर उतारा नाही.

राहिले खिंकाळणे. घोडा कळपाचा प्राणी, तो हाक मारतो आणि उत्तराची वाट पाहतो. तीन-चार रात्री हे चालायचेच. तिला अंधाऱ्या कोंडवाड्यात बंद करू नका. दुसरे जनावर नजरेस पडेल अशी जागा द्या, शेळी किंवा म्हैससुद्धा चालते. पहिले दहा दिवस एकाच माणसाने तिचे सगळे करावे, वेळा बदलू नयेत. रोज १५ मिनिटे खरारा करा, म्हणजे अंग घासा, आणि मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथे, जरा जास्त वेळ घासा. घोडे एकमेकांना तिथेच चावून खाजवतात, आणि तिथे घासल्याने हृदयाचे ठोके मंदावतात. उजेडी मोहरकी, म्हणजे तोंडावरची दोरी, धरून २० मिनिटे सगळ्या आवारातून फिरवा. मोटर, पत्र्याचे छप्पर, कुत्रा, कुंपण हे सारे तिला दुरून पाहू द्या. खोगीर आठवडाभर बाजूला ठेवा.

अगाडी-पिछाडीने, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना दोरी लावून, बांधायची सवय तिला आधीपासून असेल तर काही दिवस तसेच बांधा, पण दोरी सुती आणि मऊ घ्या. नायलॉनने घोट्यामागची कातडी सोलली जाते आणि ती जखम भरायला महिने लागतात. सवय नसेल तर नव्या जागी शिकवू नका. १२ बाय १२ फुटांची खोली आणि पाच फुटांचा अडसर पुरे.

पाय आपटणे, कुशीकडे वळून पाहणे, लोळणे, लीद बंद होणे दिसले तर चारा काढून घ्या आणि डॉक्टरांना फोन करा. ते येईपर्यंत सावकाश चालवायला हरकत नाही. बाटलीने किंवा नळीने तेल पाजू नका. ते फुप्फुसात गेले तर पोटशूळ बरा होऊनही घोडी जाते. डॉक्टर नाकातून जठरात नळी घालून तेल देतात, ते वेगळे.

प्रश्न : घरी दोन घोडे आहेत. नवा त्यांच्या शेजारी बांधला तर सोबतीने लवकर रुळेल असे सगळे सांगतात. खरे आहे का? – फलटण

उत्तर : सोबत हवी हे खरे, शेजारी बांधणे चूक. बाजारात शेकडो घोडी एका हौदावर पाणी पितात. नवा घोडा २१ दिवस वेगळा ठेवा. दिसेल पण नाकाला नाक लागणार नाही असा, निदान ३०-४० फुटांवर. त्याची बादली, तोबरा (चंदीची तोंडाला बांधायची पिशवी), खरारा, मोहरकी वेगळी. मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा, एकच असेल तर त्याने घरच्या घोड्यांचे आधी करावे, नव्याचे शेवटी, आणि मग हातपाय धुवावेत. जबड्याखालच्या गाठी सुजून पिकणाऱ्या स्ट्रँगल्समध्ये लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला तीन ते चौदा दिवस जातात, आणि नाकातून पू येण्याआधी ताप येतो. म्हणून रोज थर्मामीटर. अधूनमधून येणारा ताप, पोटाखाली आणि पायांवर सूज, खाऊनही खंगणे दिसले तर सर्रा या रक्तातल्या परजीवीच्या रोगासाठी रक्त तपासा. तो चावणाऱ्या माश्यांमधून पसरतो, तिथे ४० फुटांचे अंतर पुरत नाही.

ग्लँडर्स या घोड्यांच्या जिवाणूजन्य रोगाची तपासणी खरेदीआधीच व्हायला हवी, ती राहिली असेल तर आता करा. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही, कळवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि बाधित जनावराला दयामरण द्यावे लागते. पशुवैद्यकीय दवाखान्यातून रक्ताचा नमुना पाठवता येतो. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात त्याची चाचणी होते.

तीन आठवडे निर्विघ्न गेले की मध्ये भक्कम कुंपण ठेवून चार दिवस शेजारी सोडा. मग दोघांतला जो शांत, त्याच्याबरोबर मोकळ्या मैदानात, चंदीची वेळ टाळून. कोपरे असलेली अरुंद जागा नको, दबलेला घोडा कोपऱ्यात अडकतो आणि लाथा खातो. वैरणीचे ढीग घोड्यांपेक्षा एकाने जास्त, एकमेकांपासून २५-३० फूट दूर. मागच्या पायांचे नाल काढता आले तर उत्तम. कान पाडणे, किंचाळणे, एखादी हुलकावणी चालायचीच. एक घोडा दुसऱ्याला सतत पळवत असेल आणि पाण्यावर येऊ देत नसेल तर वेगळे करा. खच्ची न केलेला नर असेल तर हे सारे विसरा, त्याला कायम वेगळे कुंपण.

प्रश्न : शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड नाशिकला आमच्या रायडिंग क्लबमध्ये येणार आहे. वेगळे काय पाहावे?

उत्तर : पुणे-मुंबई ये-जा करणाऱ्या या घोड्यांना ट्रकची सवय असते, त्यामुळे प्रवास सोपा जातो. बिघडते ते नंतर. शर्यतीच्या तयारीतला घोडा दिवसाला पाच-सहा किलो दाणा खातो. काम थांबले आणि दाणा तसाच राहिला की पाठीचे आणि मागच्या भागाचे स्नायू लाकडासारखे आखडतात, लघवी गडद होते. प्रवासाच्या दिवशी दाणा निम्मा करा, मग दोन आठवड्यांत हळूहळू खाली आणा आणि तितकी वैरण वाढवा. त्याला चंदी पहाटे मिळत असेल तर वेळ रोज १५ मिनिटांनी पुढे सरकवा. या घोड्यांत जठराचे अल्सर फार आढळतात. दाणा टाकून वैरण खाणारा, दात चावणारा, तंग (खोगिराचा पट्टा) आवळताना चिडणारा घोडा ‘खोडकर’ ठरवण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

तो कित्येक वर्षे मोकळा सुटलेला नसतो. पहिल्यांदा लहान कुंपणात, थोडे चालवून आणल्यावर, वैरण समोर ठेवून २० मिनिटे सोडा. तारेवर रुंद पांढऱ्या पट्ट्या बांधा, कारण धावताना त्याला बारीक तार दिसत नाही. काटेरी तार असेल तर आधी ती काढा. शर्यतीचे हलके अॅल्युमिनियमचे नाल बदलून घ्या, पण मुरमाड जमीन असेल तर अनवाणी सोडू नका.

प्रश्न : आल्या दिवशीच जंताचे औषध द्यावे का?

उत्तर : नाही. खाणे-पिणे स्थिरावले की पाच-सात दिवसांनी द्या. मात्रा वजनावर ठरते. छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६५ आणि लांबी १४५ असेल तर वजन सुमारे ३३२ किलो. औषधानंतर तीन दिवस ठाणावरच ठेवा आणि ती लीद कुरणात टाकू नका.